न विचारलेला प्रश्न : 'द ऑफुल ट्रूथ' पुन्हा पाहताना

लिओ मकॅरी या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'द ऑफुल ट्रूथ' हा १९३७ सालचा चित्रपट मी आजवर तीनदा पाहिला. पहिल्यांदा १९८१ साली, एका फिल्म सोसायटीच्या पत्र्याच्या छपराखालील सभागृहात, जागोजाग ओरखडे पडलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रतीवर. दुसऱ्यांदा १९९४ मध्ये, एका स्नेह्याने दिलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. आणि तिसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात, घरी, पत्नीसमवेत. पहिल्या दोन्ही वेळी मी त्याच्यावर लिहिले. पहिले लेखन म्हणजे सोसायटीच्या चक्रमुद्रित पत्रिकेतील दीड पानाचे टिपण. महामंदीच्या दशकात धनिकांच्या निरुद्योगी भांडणांवर हसायला लावणारे हे भांडवली रंजन आहे, असा निकाल त्यात मी देऊन टाकला होता. त्या वयात निकाल देणे सोपे असते; शिवाय आमच्या पिढीला तो देण्याची घाईही असे. दुसरे लेखन एका चर्चासत्रात वाचलेला दीर्घ निबंध होता. प्रस्तुत लेख त्या निबंधाची दुरुस्ती म्हणून लिहीत आहे. दुरुस्तीचे कारण चित्रपटात आहे तसे चित्रपटाबाहेरही आहे. या दोहोंची सरमिसळ समीक्षेत करू नये, असे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे सांगत आलो. तेव्हा हे लिहिताना संकोच वाटतो, तो लपवीत नाही.

कथानक सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. जेरी वॉरिनर (कॅरी ग्रँट) दोन आठवडे फ्लॉरिडाला गेल्याचे पत्नीला भासवतो. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कमध्येच आहे, आणि चित्रपटाच्या आरंभी क्लबमधल्या कृत्रिम सूर्यप्रकाशाच्या दिव्याखाली अंग रापवून घेत आहे. मित्रांना घेऊन तो घरी येतो, तर पत्नी ल्यूसी (आयरीन डन) घरी नाही. ती येते ती सायंकाळच्या पोशाखात, आर्मां दुव्हाल या आपल्या गायनशिक्षकासोबत. वाटेत मोटार बिघडली, रात्र एका खेड्यातल्या खाणावळीत काढावी लागली, असे सांगत. जेरीचा विश्वास बसत नाही. प्रकरण घटस्फोटाला जाते. न्यायालय घटस्फोट मंजूर करते, पण तो ठरावीक मुदत संपल्यावरच अंतिम होणार असतो, आणि सारा चित्रपट या मुदतीत घडतो. ल्यूसी ओक्लाहोमाच्या डॅन लीसनशी (राल्फ बेलामी) लग्न ठरवते, जेरी ते मोडण्यास हातभार लावतो. मग जेरी बार्बरा व्हान्स या धनिककन्येशी विवाह ठरवतो आणि ते ल्यूसी मोडते. मुदतीच्या अखेरच्या रात्री दोघे कनेटिकटमधल्या एका लाकडी घरात, शेजारशेजारच्या खोल्यांत येऊन पडतात. मधले दार नीट लागत नाही.

कुत्र्याच्या ताब्यावरून न्यायालयात चालणारा वाद, दोन टोप्यांची अदलाबदल, एकाच शयनगृहात लपलेले दोन पुरुष, हे सारे प्रहसनाच्या परिचित सामग्रीतले आहे, व त्याचे वर्णन करीत बसण्यात अर्थ नाही. वर्णनाने प्रहसन मरते.

मूळ संहिता आर्थर रिचमन यांच्या १९२२ च्या नाटकाची. तिच्यावर १९२५ व १९२९ साली दोन चित्रपट होऊन गेले होते. मकॅरीने पटकथा हातात धरून काम केले नाही. तो सेटवर पियानो वाजवीत बसे आणि त्या त्या दिवसाचे संवाद त्या त्या दिवशी सुचवी, अशी हकीकत त्यावेळच्या अनेकांनी सांगितली आहे. कॅरी ग्रँट या पद्धतीने इतका बेचैन झाला की आपल्याला यातून मोकळे करावे अशी विनवणी त्याने कोलंबियाचे प्रमुख हॅरी कोहन यांच्याकडे केली. ती मान्य झाली नाही, हे आपले नशीब. कारण पुढे ज्याला 'कॅरी ग्रँट' म्हणून ओळखले गेले, तो देखणा, चतुर, स्वतःच्या चातुर्यावर आपटणारा पुरुष प्रथम या चित्रपटात पूर्णपणे अवतरला. लॉरेल आणि हार्डी यांच्या मूकपटांच्या कारखान्यात मकॅरी घडला होता. एखाद्या माणसाची फजिती चालू असताना कॅमेऱ्याने घाई करायची नसते, ही तिथली शिकवण येथे कामी आली आहे.

१९३४ पासून हॉलिवुडमध्ये निर्मितिसंहितेची अंमलबजावणी कडक झाली होती. विवाहबाह्य संबंध आकर्षक दाखवायचे नाहीत, विवाहसंस्थेचे पावित्र्य राखायचे, असे तिचे दंडक होते. या दंडकांत राहून प्रणय दाखवायचा तर नायक-नायिका विवाहित असलेली बरी, आणि प्रणयाला अडथळा हवा तर घटस्फोट जवळ आलेला बरा. म्हणजे ज्याला आपण या विधेचा आशय मानतो त्याचा काही भाग पहारेकऱ्याला चुकवण्याच्या खटपटीतून आला आहे. मात्र उगम कळला म्हणजे अर्थ कळला असे होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाच्या 'परस्यूट्स ऑफ हॅपिनेस' (१९८१) या ग्रंथाने या चित्रपटांना गंभीर चर्चेचे दालन उघडून दिले. १९३४ ते १९४९ या काळातल्या सात चित्रपटांना त्याने 'पुनर्विवाहाची सुखात्मिका' असे नाव दिले, आणि 'द ऑफुल ट्रूथ'ला त्यात अखेरचे प्रकरण दिले. जुन्या सुखात्मिकेत तरुण जोडप्यासमोर बाहेरचा अडथळा असतो, बाप असतो, कायदा असतो. तो ओलांडला की विवाह, आणि विवाह झाला की पडदा. या चित्रपटांत विवाह आधीच होऊन गेलेला आहे. आता अडथळा आतला आहे, आणि प्रश्न 'मिळेल का' असा नसून 'पुन्हा निवडाल का' असा आहे. मिल्टनच्या १६४३ मधील घटस्फोटविषयक पुस्तिकेचा आधार घेऊन कॅव्हेल म्हणतो की विवाहाचे सार संभाषणात आहे. जेथे संभाषण संपले तेथे विवाह संपला, मग नोंदवहीत काहीही असो. या नायिकांना बहुधा आई दिसत नाही आणि या जोडप्यांना मूल नसते, हे त्याचे निरीक्षणही नेमके आहे. मूल असते तर एकत्र राहण्याला कारण सापडले असते. कॅव्हेलच्या जोडप्यांना कारणाशिवाय एकत्र राहायचे आहे.

१९९४ च्या माझ्या निबंधाचा पाया हा ग्रंथ होता. त्यावरचे बांधकाम मात्र माझे होते, व त्यासाठी मी आपल्याकडची एक संहिता शेजारी ठेवली होती. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' १९१६ साली रंगभूमीवर आले. त्याचे आधीचे गद्य रूप 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाचे होते. मोलिएरच्या प्रहसनापासून इंग्रजीमार्गे मराठीत आलेले हे कथानक त्याच जातीचे आहे: पती पत्नीवर संशय घेतो, पत्नी पतीवर, प्रियकर प्रेयसीवर, आणि या सर्वांच्या मुळाशी एक तसबीर. पण देवलांच्या प्रेक्षकाला पहिल्यापासून सर्व माहीत असते. फाल्गुनरावाच्या संशयाला आधार नाही, कृत्तिकेच्याही नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. आपले हसू हे ज्ञात्याचे हसू असते, आणि शेवटी पात्रांना आपल्या ज्ञानापर्यंत आणून सोडले की घोटाळा मिटतो. सत्य कळते, म्हणून संशय फिटतो.

मकॅरीचा चित्रपट या व्यवस्थेला नकार देतो. ल्यूसी व आर्मां यांच्या त्या रात्री काय झाले, हे आपल्याला दाखवलेले नाही. जेरीने ते दोन आठवडे कुठे, कोणाबरोबर काढले, हेही दाखवलेले नाही, आणि शेवटपर्यंत सांगितलेलेही नाही. शीर्षकात ज्या भयंकर सत्याची हमी दिली आहे ते येतच नाही. दोघे परत एकत्र येतात, पण काही कळले म्हणून येत नाहीत. आपल्या न्यायपरंपरेच्या भाषेत मी तेव्हा मांडले होते ते असे: जेरी प्रत्यक्ष प्रमाण मागतो, ते मिळत नाही म्हणून अनुमानावर चालतो, आणि विवाह ही अशी वस्तू आहे की तिथे अखेर शब्द हेच प्रमाण उरते. दोघांनीही प्रश्न विचारण्याचे सोडून देणे, ही मी या चित्रपटाची नैतिक उंची मानली होती. 'परस्परांना न विचारण्याचा करार' असा शब्दप्रयोग मी केला होता. तो चर्चासत्रात पुष्कळांना आवडला, व नंतर दोघा-तिघांच्या लेखनात मला भेटलाही.

येथे चित्रपटाबाहेर जावे लागते.

१९८७ साली माझ्या पत्नीने आणि मी परस्परसंमतीने घटस्फोट मिळावा म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज केला होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने १३-ब हे कलम आले. त्यानुसार अर्ज केल्यानंतर सहा महिने थांबावे लागे, आणि त्यानंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन आपली मागणी कायम असल्याचे सांगावे लागे. ही सहा महिन्यांची अट न्यायालयाला योग्य प्रकरणी शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. आमच्या वेळी मात्र ती अट सर्वजण अटळच मानीत. कायद्याने दिलेला हा मधला काळ अमेरिकन चित्रपटातल्या मुदतीसारखाच आहे. धड विवाहित नाही, धड मुक्त नाही, अशी ती स्थिती. पत्नी गणिताची अध्यापिका. तिने दुसऱ्या गावी नोकरी घेतली होती आणि भावाकडे राहत होती.

कारणांत शिरण्याचे प्रयोजन नाही, पण एवढे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. तिला आलेले एक पत्र मी फोडून वाचले होते, आणि त्यातल्या चार ओळींचा मी लावलेला अर्थ व तिने सांगितलेला अर्थ जुळत नव्हता. माझ्या बाजूलाही हिशेब कोरा नव्हता. एका चर्चासत्राला जातो असे सांगून मी ज्या गावी गेलो होतो, त्या गावी त्या आठवड्यात चर्चासत्र नव्हते. तिला ते कळले होते की नाही, हे मला ठाऊक नव्हते.

ठरलेल्या तारखेला मी न्यायालयात गेलो नाही. सकाळी कपडे करून बसलो, आणि बसूनच राहिलो. वकील आमचा दोघांचा मिळून एकच होता; त्यांनी नंतर एवढेच सांगितले की काम झाले नाही, हवे तर पुढची तारीख घेऊ. ती कोणीच घेतली नाही. दोन-अडीच महिन्यांनी पत्नी आपली पुस्तके न्यायला म्हणून आली. पुस्तके बांधायला पुरेशी सुतळी घरात नव्हती. दुसऱ्या दिवशी सुतळी आणली, पण पुस्तके बांधली गेली नाहीत. या सर्व काळात त्या पत्राविषयी मी विचारले नाही, आणि त्या आठवड्याविषयी तिने विचारले नाही. आम्ही दोघेही त्या तारखेला गेलो नाही, ही माझ्या मनातली आमच्या संसाराची कथा होती. तीच मी सात वर्षांनी 'परस्परांना न विचारण्याचा करार' म्हणून मकॅरीच्या चित्रपटात वाचली. अर्थात हे मला तेव्हा उमगले नव्हते. मी कॅव्हेल वाचीत होतो, असेच मला वाटत होते.

गेल्या जुलैमध्ये, बाहेर संततधार लागलेली असताना, आम्ही हा चित्रपट एकत्र पाहिला. तो एकत्र पाहण्याची ही पहिलीच वेळ. चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटे झाली नसतील. ल्यूसी टोपलीतले संत्रे उचलते. फ्लॉरिडाहून आणले म्हणून जेरीने दिलेल्या त्या फळावर कॅलिफोर्नियाचा छाप आहे. ती ते त्याच्याकडे फेकते. आणि तरीही तो आर्मांविषयीच बोलत राहतो.

पत्नी म्हणाली, "अहो, पुरावा तिच्या हातात आहे, आणि उलटतपासणी हाच घेतोय."

मी हा चित्रपट दोनदा पाहून त्यावर दोनदा लिहिले होते, आणि हे मला दिसले नव्हते. संत्रे दिसले होते, त्याचा विनोद दिसला होता; पण त्याचे स्थान दिसले नव्हते. माझ्या निबंधात दोन अपराध एका तराजूत समोरासमोर ठेवलेले होते: त्याचे दोन आठवडे, तिची एक रात्र, दोन्ही अंधारात. पण ते समान अंधारात नाहीत. जेरीचे असत्य सिद्ध झालेले आहे. दिव्याखाली अंग भाजून घेणारा जेरी आपण पाहिला आहे, फळावरचा छाप वाचला आहे. ल्यूसीविरुद्ध मात्र केवळ संशय आहे. ज्याचे खोटे सिद्ध झाले तो संशय घेतो, जिच्याविरुद्ध काही सिद्ध नाही ती खुलासे देते. देवलांच्या नाटकात संशय दोन्हीकडून सारखाच निराधार असल्याने ती समतोल योजना शोभते. मकॅरीच्या चित्रपटात प्रमाण एकीकडे आणि आरोप दुसरीकडे, अशी विषम मांडणी पहिल्या दहा मिनिटांतच करून ठेवलेली आहे. आणि ल्यूसी ते संत्रे फेकून देते. त्यानंतर त्या दोन आठवड्यांचा पाठपुरावा ती करीत नाही. 'न विचारण्याचा करार' मी दोघांच्या नावावर नोंदवला होता. तो पाळला होता एकटीने.

या दृष्टीने पाहू लागल्यावर पुढचे प्रसंगही जागा बदलू लागले. मध्यावर एक प्रसंग आहे, जो मला आजही या चित्रपटाचे शिखर वाटतो. आर्मांच्या घरी ल्यूसी आहे हे कळताच जेरी तिला रंगेहाथ पकडण्याच्या इराद्याने, नोकराशी झटापट करून, दार ढकलून आत घुसतो. आणि त्याच्यासमोर येते ती गायनाची मैफल. ल्यूसी पियानोशेजारी उभी राहून गात आहे, समोर सभ्य श्रोते बसलेले आहेत. जेरी मागच्या खुर्चीत बसतो, खुर्ची मागे झुकवतो, आणि खुर्ची-टेबलासकट आडवा होतो. ल्यूसी गाणे थांबवत नाही. गाण्याच्या अखेरच्या स्वरावर येताना तिला हसू फुटते, आणि ते हसू त्या स्वरात मिसळूनच गाणे संपते. प्रत्यक्ष प्रमाण मागणाऱ्याला प्रत्यक्ष मिळाले ते असे, असा श्लेष मी १९९४ मध्ये केला होता. तो चुकीचा नाही. पण आता मला त्यात ल्यूसीचे काम दिसते. पाळत ठेवणारा नवरा भर सभेत पडलेला असताना तिच्यापुढे राग, लाज, विजय असे सारे पर्याय खुले आहेत. ती त्या पडण्याला आपल्या गाण्यात जागा करून देते. आयरीन डन स्वतः शिक्षण घेतलेली गायिका होती, म्हणूनच हे एका श्वासात साधले.

आणि परत येण्याचा सारा उद्योगही ल्यूसीचाच आहे. व्हान्स कुटुंबाच्या प्रतिष्ठित दिवाणखान्यात ती जेरीची बहीण असल्याची बतावणी करून शिरते, मुद्दाम ग्राम्य बोलते, आणि नाइट क्लबमधल्या डिक्सी बेल ली या गायिकेने म्हटलेले गाणे त्या मंडळींसमोर करून दाखवते. मूळ कार्यक्रमात जमिनीतून वाऱ्याचा झोत येऊन गायिकेचा झगा उडतो. इथे वारा नाही, तेव्हा तो आहे अशी कल्पना करा, असे ती श्रोत्यांना सुचवते. आपली अब्रू पणाला लावून ती जेरीला एका चुकीच्या लग्नातून सोडवते. पुढे मोटारीचा नाश तिने केलेला, पोलिसांच्या मोटारसायकलींवरून त्या लाकडी घराकडे जाण्याची वेळ तिने आणलेली. जेरीने काय करायचे, तर एक दार उघडायचे. आणि तेही त्याच्याने धड उघडत नाही. इथे मात्र खरा वारा येतो आणि मधले दार हलवतो. क्लबात यंत्राने आणलेला, दिवाणखान्यात नसलेला वारा अखेरीस बाहेरच्या रात्रीतून आपण होऊन येतो. हे सूत्र मकॅरीने जाणीवपूर्वक गुंफले की सेटवरच्या पियानोजवळ ते आपोआप जुळले, कोण सांगणार? ते जुळले आहे खरे.

कॅव्हेलच्या विवेचनात नायिकेचे नायकाकडून होणारे 'शिक्षण' हे मध्यवर्ती सूत्र आहे. सातांपैकी इतर काही चित्रपटांना ते लागू पडते. इथे शिकावे लागते जेरीला, आणि शिकवणारी शिकवतो असे भासवत नाही. कॅव्हेलला आणखी एक आक्षेप घ्यायला हवा, तो आपल्या इतिहासातून येणारा. पुन्हा निवडण्याला मोल येते ते सोडून जाण्याची मुभा असते तेव्हाच. ज्या मुंबईत १८८७ साली रखमाबाईंना, पतीकडे नांदायला जा नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा निकाल ऐकावा लागला, तिथे पुनर्मीलनाची सुखात्मिका कशी लिहिली जाणार? परतीचा मार्ग तिथे बेलिफाच्या हातात होता. 'संशयकल्लोळ'मध्ये कृत्तिका नवऱ्याला सोडून जाईल असा प्रश्न कुणालाच पडत नाही, म्हणून तिच्या राहण्यालाही वजन येत नाही. ल्यूसी जाऊ शकते. नुसती जाऊ शकते असे नाही, ती गेलेली आहे.

चित्रपटाच्या शेवटाकडे आम्ही आलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. त्या लाकडी घरातल्या भिंतीवर एक घड्याळ आहे. दर ठोक्याला त्याच्या दोन छोट्या दारांतून एक बाहुला व एक बाहुली बाहेर येतात आणि आपापल्या दारातून आत जातात. मध्यरात्र झाली की घटस्फोट अंतिम. जेरी आणि ल्यूसी यांच्यात 'सारखे' आणि 'निराळे' या शब्दांवरून एक गोंधळलेले, पण अतिशय कोवळे संभाषण होते. सर्व काही होते तसेच राहिले तरच निराळे होईल, अशासारखे काहीतरी दोघे म्हणू पाहतात आणि व्याकरणात अडकतात.

तेव्हा पत्नी, पडद्याकडेच पाहत, म्हणाली, "त्या तारखेला मी गेले होते."

कोणत्या तारखेला, हे विचारावे लागले नाही.

"दुपारपर्यंत बाकावर बसले होते. वकील म्हणाले, ते येतील असं दिसत नाही, तुम्ही निघा. मग तीनच्या एसटीनं परत गेले."

घड्याळातली बाहुली आपल्या दारात शिरते, आणि या वेळी बाहुला आपले दार सोडून तिच्या मागोमाग तिच्या दारात जातो. चित्रपट संपला.

म्हणजे माझी कथा खोटी होती. ती गेली होती, सही करायला गेली होती, आणि आमचे लग्न टिकले ते केवळ मी घरी बसून राहिलो म्हणून. याला करार म्हणत नाहीत. आणि तरी तेवढ्यावरही ते टिकले असे म्हणता येत नाही, कारण दोन-अडीच महिन्यांनी पुस्तके न्यायला ती आली. आणि पुस्तकांच्या त्या ढिगातली निम्मी पुस्तके तिची नव्हती, हे तेव्हाही माझ्या लक्षात आले होते. बाकावर बसून सही करण्याची तयारी असलेली स्त्री परत का आली, हे माझ्या निबंधाच्या मांडणीत बसत नाही. तिथे दोघांनी मिळून एक प्रश्न सोडून दिलेला होता. इथे एकीने उत्तर ठरवले होते, ते देण्यासाठी एसटीने आली होती, आणि मग ते उत्तर बदलले, त्याचे श्रेय किंवा दोष माझ्याकडे येत नाही.

चित्रपटाच्या अन्वयार्थाला याने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. मला वाटते, पडतो. मौन हे नेहमीच दोघांचे नसते. न विचारण्यात ज्याचा फायदा असतो त्याला ते औदार्य वाटते. मकॅरीला हे माहीत होते, म्हणूनच त्याने जेरीला सर्वांत जास्त वेळा पाडले आहे. माणसे मकॅरीइतकी हॉलिवुडमध्ये क्वचितच कोणाला कळली असतील, अशा आशयाचे ज्याँ रेन्वारचे मत प्रसिद्ध आहे. त्याच १९३७ साली मकॅरीने 'मेक वे फॉर टुमॉरो' हा चित्रपट केला. मुलांच्या सोयीसाठी ज्यांना अलग राहावे लागते अशा वृद्ध जोडप्याचा तो चित्रपट. न्यूयॉर्कमध्ये एक दुपार आणि संध्याकाळ एकत्र घालवून ती दोघे रेल्वेस्थानकावर निरोप घेतात, आणि पुन्हा भेटणार नाहीत हे आपल्याला कळते. पुढे दिग्दर्शनाचे ऑस्कर मकॅरीला 'द ऑफुल ट्रूथ'साठी मिळाले, तेव्हा चुकीच्या चित्रपटासाठी दिलेत, असे तो म्हणाला. हे मी नेहमी विनोद म्हणून सांगत असे. एकात विभक्त होण्याचे कारण क्षुल्लक आणि परतणे शक्य. दुसऱ्यात परतण्याची इच्छा पुरेपूर आणि मार्ग बंद. दोन्ही एकाच वर्षी करणाऱ्या माणसाला पहिल्यातले परतणे सहज घडणारी गोष्ट वाटली असेल, असे मला आता वाटत नाही.

१९९४ चा निबंध काढून पुन्हा वाचला. त्यातली निर्मितिसंहितेवरची पाने ठीक आहेत, मैफलीच्या प्रसंगाचे विश्लेषणही ठेवता येईल. 'परस्परांना न विचारण्याचा करार' हा शब्दप्रयोग जिथे जिथे आला आहे तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. अकरा ठिकाणी तो निघाला. पत्नीला निबंध वाचायला दिला. तिने तो यापूर्वी कधी वाचला नव्हता, किंवा वाचला असल्यास बोलली नव्हती. चष्मा काढून तिने विचारले, शेवटच्या प्रसंगातल्या मांजराविषयी यात काहीच कसे नाही?

नाही, हे खरे होते. वाऱ्याने दार उघडावे म्हणून पलीकडे जेरीची धडपड चाललेली असते, आणि दार काही उघडत नाही. कारण ल्यूसीच्या खोलीत एक काळे मांजर त्या दाराला टेकून निवांत बसलेले असते. ती बिछान्यातून ते पाहत असते. ते मांजर मी तिन्ही वेळा पाहिले होते. त्याला हाकलायला ती उठत का नाही, हे पाहण्यासाठी आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला.